ओठ मास्तरांचे, आवाज छोटीचा

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, तुमची स्वतःची काय इच्छा आहे? मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

मास्तर म्हणाले, "बाई, माझी जीभ मला राहू द्या. आहेत ते दिवस मी घरी काढीन."

आणि खोलीत सगळ्यांना ऐकू आलं ते असं: "बाई, तुम्ही म्हणाल तसं करू या. मला अजून भरपूर जगायचंय."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा खुलला. वाक्य जिथे सुरू व्हायला हवं तिथे सुरू झालं होतं आणि मास्तरांचे ओठ मिटले त्याच क्षणी संपलं होतं. मधे 'बाई' नंतर मास्तर जरासे थांबले, तर आवाजही तिथेच थांबला होता. आता यात संशय घ्यायला जागा कुठे राहिली? मास्तरांना राग आला, आणि रागाच्या पोटात कुठेतरी, त्यांच्या मनाविरुद्ध, 'वा' असंही आलं. इतकी वर्षं झाली, पण छोटीचा नेम चुकत नाही.

छोटी म्हणजे त्यांची बायको. केस पांढरे झाले, आजी झाली, तरी छोटीच. मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. त्यांनी जन्मात कुणाला एक अक्षर शिकवलं नाही. दोघं डबिंगवाले. परदेशातून कुंग फूचे स्वस्तातले सिनेमे यायचे, त्यांत आपल्या भाषेतले आवाज भरायचं काम ही दोघं करायची. सिनेमातली सगळी लहान मुलं तिच्या वाटणीची, म्हणून ती छोटी. आणि सिनेमातले सगळे म्हातारे गुरू, चांगले आणि दुष्ट, यांच्या वाटणीचे, म्हणून हे मास्तर.

मास्तर तिशीत असल्यापासून म्हाताऱ्याचा आवाज काढायचे, कारण तो काढावाच लागत नसे. त्यांच्या अंगाला लहानपणापासून कंप होता. हात थरथरायचे, मान सारखी डावी-उजवीकडे हलायची, आणि आवाजही थरथरायचा. कुठल्या कचेरीत असा माणूस उभा केला नसता. पण डबिंगच्या मालकानं एकदा त्यांचा आवाज ऐकला आणि म्हणाला, "ह्या आवाजाला पांढऱ्या भुवया आहेत." झालं, चरितार्थाची सोय लागली.

तो कंप अजून होता, आणि आता तोच त्यांच्या मुळावर आला होता. कर्करोगानं गळ्यातली आवाजाची पेटी गेली. मानेखाली एक भोक राहिलं, त्यातून श्वास चालायचा. मास्तर बोलायचे सगळं, ओठ आणि जीभ ठणठणीत होती, पण आवाज शून्य. लिहून दाखवावं, तर हात असा हलायचा की लिहिलेलं त्यांचं त्यांनाच लागत नसे. फोनवर एक अक्षर दाबायला जावं तर शेजारची चार दाबली जायची. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र आणलं होतं, ते थरथरत्या हातात एका जागी टिकेना आणि डासासारखं गुणगुणत राहायचं. शेवटी ते कपाटात गेलं. मान हलवून 'नाही' म्हणावं, तर त्यांची मान जन्मभर 'नाही'च म्हणत आलेली. चहा हवा का विचारलं तरी 'नाही', आणि चहा आवडीनं प्यायचे. त्या मानेवर कोण विश्वास ठेवणार?

राहिली छोटी. मास्तरांचे ओठ तिच्याइतके जगात कुणाला वाचता येत नव्हते. सुरुवातीला सगळ्यांचा जीव भांड्यात पडला होता. शेजारी यायचे, दुधवाला यायचा, लेक दूर देशातून फोनवर चेहरा दाखवायची. मास्तर ओठ हलवायचे, छोटी बोलायची, आणि पाच मिनिटांत समोरचा माणूस विसरून जायचा की हा आवाज बाईचा आहे. छोटी त्यासाठी आवाज थोडा जाड करायची आणि त्यात किंचित कंपही घालायची. लेक तर म्हणाली, "आई, बाबाच बोलतायत असं वाटतं गं." तेव्हा ते कौतुक वाटलं होतं.

मग गाठ परत आली, जिभेच्या मुळाशी. ऑपरेशन केलं तर जीभ जाणार, बहुतेक सगळीच, आणि जेवण पोटात घातलेल्या नळीतून. गुण येईलच असं नाही, पण आशेला जागा होती. केलं नाही तर फार काळ उरला नव्हता. मास्तरांनी त्याच दिवशी ठरवलं. त्यांना बिस्कीट चहात बुडवून जिभेवर विरघळवायचं होतं, दुपारी छोटीला चिडवायचं होतं, आणि जमेल तितके दिवस हे करून मग जायचं होतं. यात धाडस वगैरे काही नव्हतं. नळीच्या टोकाला बसून राहायची त्यांना भीती वाटत होती, एवढंच. पण हे सांगायला त्यांच्याकडे छोटी सोडून दुसरं कुणी नव्हतं, आणि छोटी ते सांगत नव्हती.

"मग पुढच्या आठवड्यात या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी काकांना शेवटचं एकदा विचारीन. सही काकूंची चालेल, पण होकार मला पेशंटचाच लागतो. त्याबाबतीत मी फार कडक आहे."

मास्तरांना हसू आलं. त्यांचं हसूसुद्धा बिनआवाजाचं होतं, म्हणून छोटीनं तेही हसून दाखवलं.

रविवारी सकाळी बँकवाला न्यायला आला. हा गृहस्थ बँकेत कारकून होता आणि उरलेल्या वेळात वेडा होता. जुने कुंग फू सिनेमे गोळा करायचे, घासलेल्या टेपांवरून त्यांच्या नव्या प्रती काढायच्या आणि सोफासेटच्या दुकानावरच्या हॉलमध्ये चार समदुःखी जमवून दाखवायच्या, हा त्याचा उद्योग. पडद्यावर ज्यांची नावं कधी आलीच नव्हती ते आवाज कुणाचे, हे त्यानं कुठून कुठून विचारून शोधून काढलं होतं. घराचं दार उघडल्यावर तो मास्तरांच्या पायाशी वाकला आणि छोटीला म्हणाला, "काकू, माझं अख्खं बालपण तुम्ही ओरडलायत."

छोटीनं ठेवणीतली साडी नेसली. मास्तरांच्या मानेवरच्या भोकाला जाळीचा स्वच्छ रुमाल बांधला. त्यांनी तिला ओठांनी विचारलं, "कशाला जायचं?" आणि घरात दोघंच असल्यामुळे तिनं सरळ उत्तर दिलं, "मला टाळ्या ऐकायच्यात, म्हणून." घरात दोघंच असली की ती त्यांचा शब्द न् शब्द ऐकायची. पंखा कमी कर म्हटलं की कमी व्हायचा, उशी वर घे म्हटलं की वर यायची. फक्त ऑपरेशनचं नाव मास्तरांच्या ओठांवर आलं की तिला अचानक गॅसवरचं काहीतरी आठवायचं. ती पाठ फिरवायची, आणि तिनं पाठ फिरवली की मास्तर मुके.

हॉल भरलेला होता. खुर्च्या खालच्या दुकानातल्याच, काहींच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या अजून निघालेल्या नव्हत्या, बसलं की कुरकुरायच्या. कारकून, शिंपी, एक शाळेतली बाई, दोन टॅक्सीवाले, सगळे पोट सुटलेले, चाळिशी उलटलेले लोक. दिवे गेले आणि पडद्यावर तेच सुरू झालं जे नेहमी व्हायचं.

ह्या सिनेमांची नावं चार-पाच शब्दांत भागायची. सूड, पंजा, साप, गुरू आणि लोखंडी, हे हवे तसे पिसायचे आणि पत्ता टाकायचा. गोष्ट एकच. दुष्ट गुरू येतो आणि पोराच्या बापाला मारतो. पोरगा मार खातो. मग दुसरा एक म्हातारा त्याला पाण्याचे हंडे वाहायला लावतो, गुडघे वाकवून तासन्‌तास उभा करतो, काठीनं बडवतो, आणि शेवटी तो पोरगा दुष्ट गुरूला लोळवतो. मागचा डोंगर कापडावर रंगवलेला, वारा सुटला की डोंगर हलायचा. तेच अंगण तीन सिनेमांत तीन वेगवेगळ्या गावांचं असायचं. टोपाचा चिकटपट्टा कपाळावर दिसायचा. पण मारामारी खरी. दोर नाही, यंत्राची जादू नाही; माणूस उंच उडाला म्हणजे तो खरंच उडालेला, आणि पाठीवर पडला म्हणजे त्याची पाठ त्या संध्याकाळी खरंच दुखलेली.

बँकवाला मध्यंतरात उभा राहून हेच सांगत होता. हातवारे करायची त्याला सवय होती आणि तो फार वेळ बोलला, पण खोटं बोलला नाही. "ह्या सिनेमातल्या पोराकडे काय असतं? बंदूक नाही, ओळख नाही, बाप नाही. त्याच्याकडे फक्त स्वतःचं अंग. आणि अंगाला शिकवलं की ते शिकतं. आम्ही मार खाणारी पोरं होतो हो. शाळेत खायचो, घरी खायचो. आम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं की तुझं अंग तुझं ऐकेल, फक्त कष्ट कर. ते ह्या दोघांनी सांगितलं."

लोकांनी मागे वळून टाळ्या वाजवल्या. मास्तरांची मान 'नाही, नाही' हलत राहिली. लोकांना तो विनय वाटला. ज्याच्या अंगानं एक दिवसही त्याचं ऐकलं नव्हतं, त्याच्या तोंडून हा उपदेश गावोगाव झाला, हा विनोद मास्तरांना आत्ताच कळत होता आणि तो सांगायचीही सोय नव्हती.

मध्यंतरानंतर पांढऱ्या भुवयांचा दुष्ट गुरू आला. हा नट मास्तरांच्या ओळखीचा होता. म्हणजे भेट कधीच नाही, पण त्याच्या तोंडाचा आकार त्यांना स्वतःच्या तोंडापेक्षा जास्त माहीत होता. डबिंगला रिळं यायची ती नुसती रिळं. सोबत लिखाण नाही, भाषांतर नाही. पडद्यावरचे लोक काय बोलतायत ते मालकाला ठाऊक नसे, यांना ठाऊक नसे, आणि कुणाचं त्यावाचून अडतही नसे. मालक म्हणायचा, "तोंड हललं की आवाज आला पाहिजे, बाकी तुमची अक्कल." मग मास्तर आणि छोटी गाद्या ठोकलेल्या त्या खोलीत एका मायकासमोर खांद्याला खांदा लावून उभे राहायचे, ओठांकडे बघायचे आणि बसेल ते वाक्य बसवायचे. दोघांचं जमलंही तिथेच. तो म्हातारा खाटेवर मरत असला तरी हे त्याच्याकडून 'सूड घे' असंच म्हणवून घ्यायचे, कारण ते बसायचं.

आज पहिल्यांदाच मास्तरांनी त्या नटाच्या तोंडाकडे कामाच्या नजरेनं पाहिलं नाही. भुवया चिकटवलेला तो माणूस काहीतरी म्हणत होता. कदाचित म्हणत असेल, माझा गुडघा दुखतोय, मला जरा बसू द्या. वरून मास्तरांचा आवाज गडगडत होता: "हाडं मोजून ठेव, पोरा. घरी नेताना कमी भरतील." हॉलमधले सगळे ते वाक्य मास्तरांच्या आवाजाबरोबर मोठ्यानं म्हणाले. सगळ्यांना पाठ होतं. त्या माणसानं खरं काय म्हटलं होतं, हे या हॉलमध्ये कुणाला जाणून घ्यायचं नव्हतं.

सिनेमा संपला. दोघांना पुढे नेऊन खुर्च्यांवर बसवलं, फुलं दिली. शाळेतल्या बाईंनी विचारलं, "मास्तर, दोन शब्द बोला ना. तुम्हाला बोलता येत नाही हे माहीत आहे, पण काकू सांगतील."

समोर एवढी माणसं होती. सगळे त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते, इतक्या प्रेमानं की आयुष्यात असं कुणी बघितलं नव्हतं. आपले ओठ वाचणारं यांच्यात कुणीतरी एक निघेल, असं मास्तरांना वाटलं. सिनेमे बघून बघून ह्या लोकांचे डोळे तयार झाले असतील. त्यांनी मान दोन्ही हातांत धरली, म्हणजे ती हलायची थांबावी. जीभ दातांवर नीट टेकवत, एक एक शब्द सुटा करत ते म्हणाले, "मला ऑपरेशन नको आहे. कुणीतरी हिला सांगा. माझी जीभ काढू नका."

आणि छोटी, मास्तरांच्या त्या जुन्या आवाजात, पांढऱ्या भुवयांच्या आवाजात, छाती भरून म्हणाली, "हाडं मोजून ठेव, पोरा. घरी नेताना कमी भरतील. गुरूला सोबत आण."

हॉल उसळला. खुर्च्यांची प्लॅस्टिकं कुरकुरली, लोक उभे राहिले, शिट्ट्या झाल्या. एक टॅक्सीवाला चक्क रडत होता. वाक्य असं बसलं होतं की स्वतः मास्तरांना क्षणभर वाटलं, आपण हेच म्हणालो. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं तर बँकवाल्यानं त्यांना मिठी मारली. ते त्याच्या खांद्यावर ओठ हलवत राहिले आणि बँकवाला त्यांच्या पाठीवर थोपटत राहिला.

घरी येताना टॅक्सीत छोटी खिडकीतून बाहेर बघत होती, म्हणजे मास्तरांना बोलायला समोर तिचे डोळेच नव्हते. त्यांनी तिच्या दंडाला हात लावला, तिनं हात काढला नाही, पण वळलीही नाही. टॅक्सीवाल्यानं आरशातून विचारलं, "लग्नाचा वाढदिवस का काका?" फुलांमुळे त्याला तसं वाटलं असेल. छोटीनं "हो" म्हटलं.

स्वयंपाकघरात तिनं चहा टाकला. मास्तर मागून गेले आणि तिच्या समोर, गॅस आणि कपाट यांच्या मधल्या फटीत, उभे राहिले. तिला पाठ फिरवायला जागा उरली नाही. ते म्हणाले, "तुला कळलं होतं मी काय म्हणालो ते."

"मला पहिल्या दिवसापासून कळतंय," छोटी म्हणाली. ती आधणाकडे बघत होती. "मी काय आंधळी आहे? डॉक्टरीणबाई पहिल्यांदा बोलल्या तेव्हाच तुमचे ओठ 'नको' म्हणाले. मी 'नको' म्हणायलाच तोंड उघडलं होतं."

"मग?"

"मग नाही आलं. तुम्ही मला जन्मभर काय काय म्हणायला लावलंत. माकडाचा आवाज काढलाय मी. मुडदा उठून बसतो त्याचा काढलाय. आठवा महिना चालू होता तेव्हा पोट सांभाळत मारामारीच्या किंकाळ्या दिल्यात. सगळं केलं. पण 'मला मरू द्या' हे तुमच्या वतीनं मी म्हणायचं? माझ्या तोंडानं? मला ते जमायचं नाही, मास्तर. दुसरी कुणी बघा."

मास्तर म्हणाले, "दुसरी कोण आहे?"

"तेच तर," छोटी म्हणाली, आणि चहा उतू गेला.

त्यांना तिची दया आली आणि तिचा संतापही आला. दोन्ही इतकी एकत्र आली की कुठलं कुठे संपतं ते कळेना. ते तिला म्हणाले, "जीभ माझी आहे." ती म्हणाली, "माणूस माझा आहे." मग दोघांनी चहा घेतला. मास्तरांनी त्यात बिस्कीट बुडवलं, थरथरत्या हातातून ते कपातच तुटून पडलं, आणि छोटीनं चमच्यानं काढून त्यांच्या जिभेवर ठेवलं. रोज ती ते असंच करायची.

पुढचे दिवस मास्तर बोललेच नाहीत, म्हणजे ओठही हलवेनात. छोटीला वाटलं रुसलेत. ती विचारायची, "उशी वर घेऊ का?" आणि ते भिंतीकडे बघत राहायचे. तिला घरभर एकटीनंच बोलावं लागायचं. दुधवाल्यानं "मास्तर बरे आहेत ना?" विचारलं, तर ती मास्तरांकडे वळली, त्यांचं तोंड मिटलेलं पाहिलं, आणि नुसतीच उभी राहिली. दुधवाला थोडा वेळ थांबला आणि पातेलं भरून गेला.

मास्तरांनी ते पाहिलं, आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. डबिंगच्या त्या खोलीत सगळं चालायचं. डोंगर हलला तरी चालायचा, मेलेला माणूस पुढच्या दृश्यात चालत आला तरी चालायचा, पण मिटल्या तोंडावर आवाज टाकलेला चालत नसे. त्याला लोक थेटरात हसायचे, मालक पैसे कापायचा. आणि या नियमाबाबत सगळ्यात कडवी कोण, तर छोटी. एकदा तिनं एका नवख्या कलाकाराला सगळ्यांदेखत झापलं होतं, "ओठ मिटले ना त्याचे? मग तू कशाला बोलतोस त्याच्या नावानं?" तिच्या हाडामासात भिनलेली गोष्ट होती ती. मास्तरांचे ओठ हलल्याशिवाय तिला मास्तरांचा आवाज काढताच येत नव्हता.

म्हणजे जिंकायला काहीच करायचं नव्हतं. नुसतं तोंड मिटून बसायचं.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत तेच टेबलावरचं घड्याळ, तोच गळ्याचा प्लॅस्टिकचा नमुना. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि मास्तरांच्या अगदी समोर बसल्या. "काका, आता शेवटचं विचारते. ऑपरेशनला तुमची तयारी आहे?"

मास्तरांनी ओठ मिटले.

छोटीनं श्वास आत घेतला. वाक्याच्या आधी घेतात तसा तो श्वास होता, मास्तरांना तो ओळखीचा होता. ती त्यांच्या ओठांकडे बघत थांबली. ओठ हलले नाहीत. तिनं तो श्वास सोडला.

"काका?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घाई नाही. सावकाश."

मास्तरांची मान 'नाही, नाही' करत होती आणि ती नेहमीच करत होती. ओठ मिटलेले. छोटीनं पुन्हा श्वास घेतला. पुन्हा सोडला. मास्तरांच्या अंगावर आनंदाचा शहारा आला, खरंच आला. पहिल्यांदाच त्यांचं अंग त्यांचं ऐकत होतं. शेवटच्या लढाईत तो पोरगा हालचाल न करता अंगणात उभा राहतो आणि समोरचे दहाजण पुढे यायला धजत नाहीत, ते मास्तरांनी पडद्यावर शंभरदा पाहिलं होतं, पण आतून ते असं वाटतं हे त्यांना माहीत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्या दोघांकडे आळीपाळीनं बघू लागल्या. "काकांची तयारी नसेल तर मी हात लावणार नाही," त्या हळूच म्हणाल्या. "तसंही चालतं. तो त्यांचा हक्क आहे."

हेच हवं होतं. आणखी थोडा वेळ, आणि त्या उठल्या असत्या.

तेवढ्यात छोटी बोलली. जाड आवाज नव्हता, कंप घातलेला नव्हता. तिचा स्वतःचा, बारीक, घरात वापरून वापरून झिजलेला आवाज होता.

"मास्तर, तोंड उघडा. मला पुढचं काही येत नाही हो."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. ती अजून त्यांच्या ओठांकडेच बघत होती, तोंड अर्धवट उघडं ठेवून, वाक्याची वाट बघत. तिला पुढचं खरंच येत नव्हतं. आयुष्यभर ती त्यांच्या ओठांवर नजर ठेवून बोलत आली, ओठच नसले तर ही बाई घरात काय बोलेल, कुणाशी, कुणाच्या नावानं, हे मास्तरांच्या डोळ्यांसमोर आलं आणि ते बघवेना. दुधवाल्यासमोर हातात पातेलं घेऊन ती उभी राहिली होती, तशी ती रोज उभी राहणार होती.

ते हरले. हे असं हरण्याचं कुठल्याच सिनेमात दाखवलेलं नव्हतं, त्यामुळे कसं हरायचं हेही त्यांना येत नव्हतं. त्यांनी ओठ उघडले आणि म्हणाले, "तयारी आहे."

डॉक्टरीणबाईंनी छोटीकडे पाहिलं. "काय म्हणाले?"

छोटीला कळलं होतं. तिच्या चेहऱ्यावर ते दिसलं. तिनं श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि तिच्या गळ्यातून काहीच आलं नाही. तिनं पुन्हा तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज नाही. हवं होतं तेच वाक्य समोरून आलं होतं, त्यात काही बदलायचं नव्हतं, आणि तेवढंच तिला म्हणता येईना. तिनं पदर तोंडावर धरला आणि मान फिरवली.

खोलीत दोन माणसं बोलत होती आणि ऐकू काही येत नव्हतं.

"काका," डॉक्टरीणबाई पुढे वाकल्या, "मला पुन्हा सांगाल? मी तुमच्याकडे बघते."

मास्तरांनी दोन्ही हातांनी मान धरली. 'त'साठी जीभ दातांना लागावी लागते, 'र'साठी ती वर वळावी लागते. ती अजून छान वळत होती. ते सावकाश म्हणाले, "तयारी आहे." डॉक्टरीणबाईंना कळलं नाही. मास्तरांनी पुन्हा सांगितलं, आणखी सावकाश. बाईंना नाही कळलं. मास्तर पुन्हा सांगू लागले.